ठराव: गप्प बसणं बरं

स्विश्तोव, बल्गेरिया, ८ ऑक्टोबर २०००

रालित्सा,

'प्रिय' लिहायचं विसरले असं समजू नकोस. मुद्दामच गाळलंय.

तुझं कार्ड मिळालं. पुढे नदी, नदीवर पूल, आणि मागे तुझ्या अक्षरात तीन शब्द: 'इथे सगळं छान'. मी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. तिकीट उचकटून खाली काही आहे का तेही पाहिलं. मीठ मागतानाही तीन मुद्दे मांडणारी तू, आणि जर्मनीहून तीन शब्द?

ऑगस्टमध्ये मी मामाच्या गावी होते हे तुला ठाऊक होतं. परत आले तर तुमच्या खिडक्यांचे पडदे काढलेले. खाली बाकावर प्लामेन सूर्यफुलाच्या बिया फोडत बसला होता. म्हणाला, "गेले ते. शुक्रवारीच. तुला माहीत नव्हतं?" मी म्हटलं, "माहीत होतं." खोटं बोलले. प्लामेनसमोर मान खाली घालायची नव्हती मला.

तुझ्या बाबांना तिकडच्या जहाजावर काम मिळालं, चांगलं झालं. कोणी म्हणतंय का तुला, बापाला सोडून इथे राहा म्हणून? पण सांगता आलं असतं. आपण तीन वर्षं एका बाकावर बसलोय, बये.

वादविवाद मंडळाची बैठक अजूनही मंगळवारी, जीवशास्त्राच्या वर्गात, त्या भुसा भरलेल्या माशासमोर. कोलारोवा बाईंनी आता दुसरी वक्ता मला केलंय. म्हणजे तुझ्या जागी. तिसरी म्हणून नववीतली योआना आली आहे. अक्षर मुंगीएवढं आणि आवाज त्याहून बारीक. प्लामेन तिला म्हणाला, "बोल की गं, मासासुद्धा तुझ्यापेक्षा मोठ्याने बोलतो." ती म्हणाली, "मासा मेलेला आहे, त्यामुळे ही तुलना टिकत नाही." पोरगी चालेल.

पत्ता कार्डावर होता म्हणून लिहिलं. उत्तर दे. तीन शब्दांहून मोठं.

क्रेमेना

*

स्विश्तोव, १९ नोव्हेंबर

रालित्सा,

उत्तर नाही. बरं.

मी तरी लिहिणार, कारण तर्नोवोच्या स्पर्धेचा ठराव आलाय आणि तो तुला कळवला नाही तर मला झोप लागणार नाही. 'शाळांत पुन्हा गणवेश आणावा.' आणि बाजू काय आली असेल? ठरावाच्या बाजूने! आपली आजवरची नशिबं!

प्लामेन चिडला. "माझी आई अजून तिच्या शाळेतल्या त्या पांढऱ्या कॉलरला शिव्या घालते. मी गणवेशाची बाजू मांडू?"

कोलारोवा बाई म्हणाल्या, "तुला जे पटतं ते बोलायला कुणी शिकवावं लागत नाही, प्लामेन. न पटणारं नीट समजून घ्यायला लागतं."

मुख्याध्यापक दारात उभे राहून ऐकत होते. त्यांना अजूनही वाटतं की बाई आम्हाला उलट उत्तरं द्यायला शिकवतात. म्हणाले, "बाई, उद्या ही मुलं म्हणतील मुख्याध्यापकच नकोत." योआना हळूच म्हणाली, "सर, त्या ठरावाची बाजू चिठ्ठी टाकून ठरवावी लागेल." ते हसू दाबत निघून गेले.

तुझी त्सोना आजी बाजारात दिसली. मी हात केला. तिने मला पाहिलं, नक्की पाहिलं, आणि मिरच्यांच्या ढिगाआड होऊन पलीकडच्या बाजूला गेली. मी काय केलंय गं? तुझ्या आजीच्या हातची बानित्सा खाऊन मी वाढले. तिला तू काही सांगितलं आहेस का माझ्याबद्दल?

मी तुझ्यावर रागावले आहे, हे खरं. पण रागावलेल्या माणसाशीसुद्धा भांडता येतं. गप्प बसलेल्याशी काय करायचं?

क्रेमेना

*

स्विश्तोव, १० डिसेंबर

रालित्सा,

आम्ही हरलो. उपांत्य फेरीत, प्लोवदिवच्या मुलांकडून. माझ्यामुळे.

प्लामेन सुरेख बोलला. टाय लावला होता, त्याच्या बाबांचा, पोटापर्यंत येणारा. मीही माझं भाषण बरं केलं. मग उलटतपासणी. समोर एक उंच मुलगा, अगदी नम्र. त्याने विचारलं, "तुम्ही म्हणता, गणवेशात सगळे सारखे दिसतील आणि ते चांगलं. मग सगळे सारखे दिसत असताना तुम्ही तुमची मैत्रीण कशी ओळखाल?"

साधा प्रश्न. चावटपणाच म्हण ना. अशा प्रश्नाला तू काय उत्तर दिलं असतंस याचा विचार करायला लागले आणि तिथेच अडकले. तू वर्गाच्या दारातून आत येताना दिसायला लागलीस.  सभागृह थांबलेलं. वेळ पाहणारी मुलगी माझ्याकडे बघतेय, परीक्षक पेन धरून बघतायत, प्लामेन टेबलाखालून माझ्या पायावर पाय देतोय. शब्द समोर होते गं. पण ते माझे नव्हते, कुणीतरी काचेच्या पलीकडे ठेवलेले. शेवटी तो मुलगाच म्हणाला, "धन्यवाद, माझा प्रश्न संपला." त्याने ते दयेने म्हटलं, त्याचंच जास्त लागलं.

बसमध्ये कोलारोवा बाईंनी पिशवीतलं सफरचंद अर्धं करून दिलं. नदी दिसायला लागली तेव्हा मला उत्तर सुचलं. 'आवाजावरून.' मैत्रीण आवाजावरून ओळखेन. मी ते मोठ्याने म्हटलं. योआनाने मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे. पण आपण आता बस स्थानकात आलो."

तू असतीस तर जिंकलो असतो. हे मी चिडून लिहीत नाही. नुसतंच लिहिते.

क्रेमेना

*

स्विश्तोव, १४ जानेवारी २००१

प्रिय रालित्सा,

आजीवर रागावू नकोस. तिने शपथ मोडली ती माझ्यामुळे.

परवा बर्फ गोठून रस्ता काचेसारखा झाला होता. त्सोना आजी तुमच्या चौकात भिंत धरून उभी होती, ना पुढे ना मागे. आता तिला माझ्यापासून पळता येईना. मी तिचा हात धरला, पिशवी घेतली आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत नेलं. दारात म्हणाली, "बरं पोरी, ये आता तू." मी म्हटलं, "आजी, मी तुझं काय बिघडवलंय ते सांग, मग जाते." ती रडायलाच लागली. मग मला स्वयंपाकघरात बसवलं, चहा ठेवला आणि म्हणाली, "पोरगी बोलत नाही गं."

मला वाटलं, आजीशी बोलत नाही.

"कुणाशीच नाही. शाळेत शब्द नाही. घरी हो आणि नाही. तिची आई फोनवर रडते."

मग तिने सगळं सांगितलं. पहिल्याच आठवड्यात तिथल्या बाईंनी तुला काहीतरी समजावलं आणि विचारलं, कळलं का. तू मान हलवलीस, आपण 'हो' म्हणायला हलवतो तशी, इकडून तिकडे. तिकडे तेच 'नाही' असतं. त्यांनी पुन्हा समजावलं, तू पुन्हा मान हलवलीस. शेवटी त्यांनी तुला दोन वर्षं लहान मुलांच्या वर्गात बसवलं. आणि तू बोललीस ते वाक्य चुकलं, पोरं हसली. तेव्हापासून तू तोंडच उघडलं नाहीस.

"तुम्हा कुणाला सांगू नको, अशी शपथ घातलीय तिने पत्रात," आजी म्हणाली. "तुला तर मुळीच नाही. लिहिते, क्रेमेनाला माझं बोलणंच आवडायचं आणि आता माझ्याकडे तेच उरलं नाही."

रालित्सा, मूर्ख आहेस तू. मला तुझं बोलणं आवडायचं हे खरं. पण तू शिंकतेस तेव्हा मांजरासारखा आवाज येतो, तोही आवडायचा. माझी भूमितीची वही तू परस्पर पुरी करायचीस, तेही. यादी खूप मोठी आहे, पण तुला यादी आवडत नाही, पुरावे आवडतात.

काल मी तुला एक मायेचं पत्र लिहिलं. होईल सगळं ठीक, धीर धर, वगैरे. आज सकाळी वाचलं आणि फाडलं. कारण मला तर्नोवो आठवलं. मी अर्धा मिनिट गप्प झाले, तर त्या मुलाची दया मला महिनाभर टोचत राहिली. तू सप्टेंबरपासून गप्प आहेस. तुझ्याकडे आजवर किती दया साचली असेल! त्यात माझी भर नको.

म्हणून दया नाही. ठराव पाठवते.

'परक्या भाषेत चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प बसणं बरं.'

मी बाजूने. तू विरोधात. चिठ्ठी टाकली नाही, मीच ठरवलं. तक्रार असेल तर लेखी कर.

आदरणीय परीक्षक! पहिला मुद्दा. झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प माणसाला काय येत नाही ते कुणाला कळत नाही. तोंड उघडलं की सगळ्या गावाला कळतं. दुसरा मुद्दा. चुकणाऱ्याला लोक हसतात. ते हसून विसरतात, पण ज्याला हसले तो विसरत नाही. तेव्हा अशी जखम मागून कशाला घ्यायची? तिसरा मुद्दा. माणसाने आधी भाषा पूर्ण शिकावी, चूक उरणार नाही इतकी, आणि मगच बोलावं. थांबल्याने काही बिघडत नाही. गप्प माणूस निदान चुकत तरी नाही. म्हणून ठराव मंजूर व्हावा.

आता खोडून दाखव. अट एकच. खंडन जर्मनमध्ये हवं. आपल्या भाषेत आलं तर बाद धरीन.

मला जर्मन येत नाही, हा तुझा आक्षेप असेल. त्याची सोय मी करते.

तुझी प्रतिपक्षी,
क्रेमेना

*

स्विश्तोव, ४ मार्च

प्रिय रालित्सा,

पाकिटात मार्चचा लाल-पांढरा गोंडा आहे. योआनाने वळलाय, तुझ्यासाठी. तुला कधी पाहिलेलं नाही तिने. मी विचारलं, कसा काय सुचला? म्हणाली, "मी ज्या जागी बोलते ती आधी तुझी, आणि तू बोलतेस ती आधी तिची. म्हणजे नातं लागतं." मनगटाला बांध. पहिला मोहर दिसला की झाडाला बांधायचा, हे काही जर्मनीत गेलीस म्हणून बदलत नाही.

तुझं उत्तर नाही. वाट पाहते. घाई नाही. (आहे.)

सोय अशी केली. श्तेरेव्ह सरांकडे गेले. तेच, जर्मनचे, ज्यांच्या तासाला दोनच मुलं असतात आणि त्यातलं एक झोपतं. त्यांना सांगितलं, मला शिकायचंय. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कशासाठी?"

"एक पत्र येणार आहे, ते वाचायला."

"कधी येणार?"

"माहीत नाही."

"म्हणजे आपल्याकडे वेळ आहे," ते म्हणाले आणि लगेच फळ्यावर लिहायला लागले.

बाप रे, काय भाषा आहे ही! टेबल पुरुष, दिवा स्त्री आणि मुलगी म्हणे नपुंसकलिंगी. मी म्हटलं, सर, मुलगी नपुंसक कशी? सर म्हणाले, "भांडू नकोस, पाठ कर." वादविवादाच्या मुलीला असं सांगतात! आणि चूक केली की ते डोळे मिटून घेतात, दात दुखल्यासारखे. मी आता चूक करायच्या आधीच घाबरते. एकदा 'खिडकी उघडू का' एवढं विचारायला इतका वेळ घेतला की तास संपला.

तेव्हा तुझी आठवण आली. म्हणजे तशी येतेच, पण तेव्हा वेगळी आली. माझ्याकडे घंटा आहे, ती झाली की मी सुटते. तुला दिवसभर सुटका नाही.

माझा ठराव अजून उभा आहे आणि त्याला कुणी विरोध केलेला नाही. मला भीती वाटायला लागली आहे की तो बरोबर असेल.

क्रेमेना

*

स्विश्तोव, २२ एप्रिल

प्रिय, प्रिय रालित्सा,

आलं!

आईने पाकीट शाळेत आणून दिलं, गणिताच्या तासाला, दारातून हात हलवत. मला काही वाचता येईना. म्हणजे येईना असं नाही, शब्द ओळखीचे वाटत होते, पण त्यांचं वाक्य होईना. मधल्या सुट्टीत धावत शिक्षकांच्या खोलीत गेले. श्तेरेव्ह सर डबा खात होते. त्यांनी डबा बंद केला, हात पुसले, लाल पेन्सिल काढली.

म्हणाले, "मी तुला जसंच्या तसं सांगतो. चुकांसकट. नाहीतर ते तिचं राहणार नाही."

तुझंच पत्र तुला परत लिहिते आहे, कारण त्यांच्या तोंडून ते कसं आलं हे तुला कळायला हवं.

"आदरणीय परीक्षक. आदरणीय क्रेमेना. मी विरोधात उभी आहे. पहिली मुद्दा. क्रेमेना म्हणतो, आधी पूर्ण शीक, मग बोल. पण बाळ असं करत नाही. बाळ म्हणतो 'पा'. आई पाणी देतो. आई म्हणत नाही, बाळ, वाक्य पूर्ण कर."

सरांनी पहिल्या ओळीखाली लाल रेघ मारली, दुसऱ्या ओळीखाली मारली, तिसऱ्या ओळीपाशी पेन्सिल थांबली.

"दुसरी मुद्दा. लोक हसतात. हे खरी आहे. सोमवारी बाईंनी मला विचारला, तुझा बाप काय करतो. मी बोलली. मी म्हटली, माझा बाप एक जहाज आहे. वर्ग हसला. मी मरली. मग एक मुलगी, नाव विब्के, तो हसली नाही. तो विचारली, किती मोठा? मी म्हटली, खूप मोठा, आणि तो रात्री घोरतो. मग वर्ग पुन्हा हसला, पण आता मी हसवला. विब्के आता माझ्या बाजूला बसतो."

इथे सर थांबले. चष्मा काढला. मला वाटलं आता डोळे मिटणार. पण ते हसत होते गं! श्तेरेव्ह सर! दात दिसले!

"तिसरी मुद्दा. क्रेमेना म्हणतो, गप्प माणूस चुकत नाही. चुकतो. सप्टेंबरपासून मी पावाच्या दुकानात बोट दाखवते. बाई काळी पाव देतो. मला काळी पाव आवडत नाही. मला पांढरी पाव हवी. मी गप्प म्हणून पूर्ण हिवाळा काळी पाव खाल्ली. आता मी मागते. म्हणून मी म्हणते, ठराव पडली. धन्यवाद. प्रश्न विचारा."

 कोलारोवा बाई कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कुणास ठाऊक. मुख्याध्यापकही होते, चहाचा कप हातात धरून.

मी विचारलं, "सर, कसं आहे?"

"व्याकरण भयंकर आहे," सर म्हणाले. "लिंग एकही धड नाही. क्रियापदं तर..." मग त्यांनी पेन्सिल खिशात ठेवून दिली. "चौऱ्याहत्तर साली मला जर्मनीत लाइपझिगला पाठवलं होतं. शिक्षकांच्या शिबिराला, तीन आठवडे. माझ्याइतकं शुद्ध जर्मन आमच्या तुकडीत कुणाचं नव्हतं. दुकानात उभा राहायचो आणि मनात वाक्य जुळवायचो. विभक्ती बरोबर बसेपर्यंत ती बाई पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेली असायची. तीन आठवड्यांत मी तिथल्या एका माणसाशी बोललो नाही, क्रेमेना. ज्या भाषेवर मी जन्मभर जीव टाकला, त्या भाषेत मी कुणाला 'कसे आहात' विचारलं नाही."

"मग खाल्लंत काय?"

"समोर ठेवलं ते."

 मग सरांनी कागद पुन्हा उचलला आणि तुझं खंडन जर्मनमध्ये वाचलं, उभं राहून, मोठ्याने, तुझी एकही चूक न सुधारता. शेवटच्या 'प्रश्न विचारा'ला मुख्याध्यापकांनी कप खाली ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. त्यांना जर्मनचं एक अक्षर कळत नाही. कोलारोवा बाईंनी निकाल दिला: विरोधी पक्ष विजयी. प्लामेनला सांगितलं तर तो म्हणाला, "माझा बाप एक टाय आहे, असं लिही तिला माझ्याकडून."

त्सोना आजीला मी त्याच संध्याकाळी सगळं वाचून दाखवलं. 'मी म्हटली, माझा बाप एक जहाज आहे' इथे ती इतकी हसली की डोळे पुसायला रुमाल सापडेना तर टेबलावरचं फडकं घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे बोलली?" मी म्हटलं, बोलली. तिने पुन्हा विचारलं, "मोठ्याने?"

पानाच्या खाली, कोपऱ्यात, तू आपल्या भाषेत एक ओळ लिहिली आहेस. 'ऑगस्टमध्ये मला निरोपाचं वाक्य जमलं नाही, आपल्या भाषेतसुद्धा.' ती मी कुणाला वाचून दाखवली नाही. आजीलाही नाही. नियमाने ती बाद धरायला हवी. मी धरणार नाही.

माझा ठराव पडला. इतकं आनंदाने हरलेली मी पहिलीच असेन. पण 'प्रश्न विचारा' असं तू म्हटलं आहेस, तेव्हा उलटतपासणीचा हक्क माझा. प्रश्न जर्मनमध्ये लिहिते आहे. सर शेजारी बसले आहेत आणि सारखे मान लांब करून बघतायत. मी कागदावर हात आडवा धरलाय. त्यांना तपासू देणार नाही.

आदरणीय रालित्सा. उन्हाळा तू घरी येतो का? नदी आहे तिथेच. मी पण आहे तिथेच. मी तुला खूप आठवण येतो.

क्रेमेना